उजवीकडे ओढणारी गाडी

ऑर्व्हिल ब्रेकेच्या लिलावात आर्लिसने ती गाडी घेतली, तेव्हा तिच्याविरुद्ध कुणी बोलीच लावली नाही. आमच्याकडे अशी रीतच आहे. एखाद्या विधवा बाईला एखादी वस्तू मनापासून हवी आहे असं दिसलं, की बाकीचे सगळे खिशात हात घालून आभाळाकडे बघत उभे राहतात. लिलाववाला घसा फोडून ओरडला तरी कुणी ढिम्म हलत नाही. गाडीच्या बाबतीत तसंच झालं आणि आर्लिस त्वेट, वय एकोणसत्तर, एका मोटरहोमची मालकीण झाली. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचं ते धूड. मागे पलंग, मध्ये गॅसची शेगडी, खाली नारिंगी गालिचा, बाहेरून तपकिरी पट्टा. चाकांवरचं घरच म्हणा ना.

आमच्याकडे दुसरीही एक रीत आहे. मेलेल्या माणसाच्या लिलावात त्याच्या चीजवस्तूंना नावं ठेवायची नाहीत. म्हणून ती गाडी उजवीकडे ओढते, हे माहीत असलेल्या चौघांपैकी एकानेही आर्लिसच्या कानात सांगितलं नाही. "छान ठेवली होती हो ऑर्व्हिलने," असं म्हणून चौघेही वड्या आणि कॉफीच्या टेबलाकडे सटकले. गोड बोलून गप्प बसायची ही आमची खोड आर्लिसला त्या दिवशी पहिल्यांदा नडली, असं तिला नंतर वाटलं. प्रत्यक्षात ती दोन वर्षांपूर्वीच नडली होती.

आर्लिस मूळची आमच्या उत्तर आयोवातल्या लुंडबीचीच. बापाची शेती, नवऱ्याची शेती, आणि एकतीस वर्षं शाळेच्या बसचं स्टिअरिंग. गावातल्या निम्म्या लोकांना तिने लहानपणी घरून उचललंय आणि घरी सोडलंय. बर्फ असो, धुकं असो, तिची सात नंबरची बस सव्वासातला कोपऱ्यावर दिसायची म्हणजे दिसायची. तिच्या बसमध्ये कुणी दंगा करत नसे. ती ओरडायची नाही, फक्त आरशात बघायची. आज पन्नाशीला आलेले बाप्येसुद्धा त्या आरशाची आठवण काढतात.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका सकाळी ती बस स्काडेन वळणावर उजवीकडे ओढली गेली आणि पुढचं चाक चरात उतरलं. आत अकरा मुलं होती. कुणाला खरचटलंही नाही. एका मुलीचा दात पडला, तोही आधीच हलत होता. पण आर्लिसने स्टिअरिंग डावीकडे ओढलं होतं आणि बस आली नव्हती, हे तिच्या मनातून जाईना. त्याच्या आदल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून तिचं डावं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण बोटांना अधूनमधून मुंग्या यायच्या, पकड ढिली पडायची. तिने दोन आणि दोन चार केले. दुसऱ्याच दिवशी राजीनामा लिहून शाळेत दिला. गावाने काय केलं? भांडी भरभरून नूडल्स आणि मांसाचे पदार्थ आणून दिले, आणि "आता आराम कर गं, खूप केलंस" म्हणून निघून गेलं. राजीनामा राहू दे म्हणणारं एकही माणूस निघालं नाही. त्याचा अर्थही आर्लिसने स्वतःच लावला.

मग दोन वर्षं ती फक्त आपल्या छोट्या ट्रकने दुकानात आणि चर्चला जायची, तीही दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. तिला ही मोटरहोम का हवी होती, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मोठं, जड धूड आपल्याला अजून हाकता येतं का, ते तिला बघायचं होतं. बास, एवढंच.

आणि लिलावातून घरी येताना, चौथ्या मैलावर, ते धूड उजवीकडे ओढायला लागलं.

तीच ओढ, तोच हात. कशीबशी गाडी शेडमध्ये घातली आणि इंजिन बंद करून तिने डावा हात डोळ्यांसमोर धरला.

तिच्या मुलीला, मार्लाला, ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही. मार्ला राजधानीत, डे मॉइनला, विमा कंपनीत कामाला. सगळ्या गोष्टींत धोका किती हे मोजायची तिला सवय. तिचा फोन आला.

"आई, तुझा हात गेलाय हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आता पुन्हा हे काय नवीन?"

"गाडीतच खोट असेल."

"बसमध्येही खोट होती का?"

शेवटी दोघींचं ठरलं. मार्ला रविवारी येणार. गाडीत खरंच खोट सापडली तर तिने तोंडातून ब्र काढायचा नाही. नाही सापडली, तर आर्लिसने मोटरहोमची आणि ट्रकचीही किल्ली तिच्या हातात द्यायची. गावापासून सहा मैलांवर राहणाऱ्या बाईने किल्ली द्यायची म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. किल्ली गेली की घर गेलं, घर गेलं की गावातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत दोन खोल्या आणि खिडकीतून दिसणारं गाड्यांचं आवार.

ती आधी तालुक्याच्या गॅरेजमध्ये गेली. त्यांनी स्टिअरिंगचा डबा घट्ट केला, चाकं तोलून दिली, पुढच्या टायरांपैकी डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे केला. "आता ठीक आहे, मॅडम," म्हणाले. परतीच्या वाटेवर पुन्हा चौथा मैल, पुन्हा तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पण रेडा कोण, गाडी की आपण, हेच तर आर्लिसला कळत नव्हतं.

बुधवारी तिने लोवेलला फोन लावला.

लोवेल हाउग्सेटने अडतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या सांभाळल्या. विधुर, उंच, एका पायाने किंचित लंगडा. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड बदललं होतं त्याचं. बोलणं मोजकंच. एखाद्या गाडीवर तो खूश झाला तर "वाईट नाही" म्हणायचा, आणि आर्लिसची कॉफी प्यायल्यावरही तीस वर्षं तेच म्हणत आला होता. ती कॉफी कशी असायची ते मी सांगत नाही. तळ दिसायचा कपाचा, एवढं सांगतो.

तो आला तो आधी गाडीला हातही लावेना. एक बादली पालथी घालून बसला आणि आजारी गाईकडे बघावं तसा गाडीकडे बघत राहिला.

"कधी ओढते?"

"चार मैलांनंतर."

"आधी नाही?"

"आधी सुतासारखी सरळ."

"ब्रेक मारल्यावर की मारायच्या आधी?"

आर्लिस विचारात पडली. हे तिला तालुक्याच्या गॅरेजमध्ये कुणी विचारलं नव्हतं. "चारपाच वेळा ब्रेक मारून झाले की. मग न मारताही."

"हं," लोवेल म्हणाला.

मग तो कामाला लागला. या जुन्या गाड्यांत पुढच्या स्प्रिंगच्या आत हवेचे फुगे असतात. एक फुगा बसला की गाडी त्या अंगाला कलते. दोन्हीकडची हवा मोजली, सारखी होती. मग आर्लिसला वर बसवलं, स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगितलं, आणि स्वतः खाली पाठीवर झोपून एकेक सांधा हाताने चाचपला. एका सांध्यात जरा खेळ होता, पण गाडी चरात घालण्याइतका नव्हता. मग जॅक लावून उजवं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. चाक गरगर फिरलं. काही अडलं नाही, काही घासलं नाही.

आर्लिस बघत होती. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे काहीच नाही?"

"कॉफी आहे का?" लोवेलने विचारलं.

तिने कॉफी दिली. "वाईट नाही," तो म्हणाला, कप संपवला आणि उठला. "थंड गाडी खोटं बोलते, आर्लिस. शेडमध्ये उभ्या गाडीला काय विचारायचं? चल, तिला तापवून आणू. तू चालव."

"मी?"

"मग काय मी? गाडी कुणाची?"

कापणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना वाळलेला मका, मधून खडीचा सरळ रस्ता. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकमधला माणूस आमच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करत होता, आणि आर्लिसला बोट उचलायची सोय नव्हती, कारण तिची दहाही बोटं स्टिअरिंगला चिकटलेली होती. दर चौकाला लोवेल म्हणायचा, "दाब." ती ब्रेक दाबायची. "जा." ती पुढे जायची. पाचव्या चौकानंतर गाडी उजवीकडे ओढायला लागली.

"बघ," ती म्हणाली. "बघ, हा माझा हात. धरवत नाही रे मला."

"सोड."

"काय?"

"हात सोड. दोन्ही. रस्ता रिकामा आहे."

एकतीस वर्षांत तिने चालत्या गाडीचं स्टिअरिंग सोडलं नव्हतं. तिने डोळे बारीक केले आणि हात वर घेतले. गाडी एक क्षण सरळ गेली, मग आपणहून, कुणी न सांगता, शांतपणे उजव्या कडेला निघाली.

"धर आता," लोवेल म्हणाला. "हात हवेत असताना ओढली ना? मग तो हात कसा असेल?"

आर्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला हात सोडावा लागला असता. पण तिला एक गोष्ट जाणवली. लोवेलला आनंद झालेला दिसत नव्हता. तो खिडकीतून मक्याकडे बघत होता.

शेडमध्ये आल्या आल्या त्याने तेच चाक पुन्हा उचललं. आता ते दोन्ही हातांनी जोर लावूनही फिरेना. जवळ गेलं की जळकट वास आणि धग. त्याने चाकाच्या मागचा छोटा नट पान्याने सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

"ब्रेक लागतो, पण सुटत नाही," तो म्हणाला. "रबरी नळी आतून फुगलीय. तेल जातं, परत येत नाही. गार झालं की हळूहळू झिरपतं आणि सगळं साळसूद."

"पण नळी फुगली कशाने?"

लोवेलने पुढचं झाकण उघडलं, आत वाकला, ब्रेकच्या तेलाच्या डब्याचं टोपण काढलं. टोपणाच्या आत एक रबरी पडदा असतो. तो दुधात भिजलेल्या पावासारखा फुगून वेडावाकडा झाला होता. लोवेलने तो पाहिला आणि टोपण चटकन पुन्हा बसवलं. जरा जास्तच चटकन.

"जुनी आहेत रबरं," तो म्हणाला. "सगळी बदलू. उद्या येतो."

"थांब. काय होतं ते दाखव."

"काही नाही गं. जुनं रबर."

"लोवेल, मी चाळीस वर्षं शेतकऱ्याची बायको होते. मला डोळे आहेत आणि नाकही आहे." तिने स्वतःच टोपण काढून नाकाशी धरलं. "हा ट्रॅक्टरच्या तेलाचा वास आहे."

लोवेलने फळीवरची लोणच्याची रिकामी बरणी घेतली, तीत थोडं पाणी घातलं आणि डब्यातलं चमचाभर तेल त्यावर सोडलं. ब्रेकचं खरं तेल पाण्यात साखरेसारखं विरघळतं. हे वर तरंगत राहिलं, पिवळट, गोल गोल.

आर्लिसला हसूच फुटलं. "अरे देवा! ऑर्व्हिलने ट्रॅक्टरचं तेल ओतलं ब्रेकमध्ये? इतका कसा रे मठ्ठ हा माणूस!"

आता हे समजून घ्या. आमच्याकडे एकही शेड असं नाही जिथे ट्रॅक्टरच्या तेलाची ती पिवळी बादली नाही. बादलीवर छापलेलंच असतं: हायड्रॉलिकसाठी, गिअरसाठी, ब्रेकसाठी. ब्रेक म्हणजे ट्रॅक्टरचे, पण ते वाचायला वेळ कुणाला आहे? कुरकुरलं की ओत, कमी दिसलं की ओत. दाराच्या बिजागरीपासून बर्फ ढकलायच्या फाळापर्यंत सगळ्याला एकच औषध.

आर्लिस हसत होती आणि हसता हसता तिची नजर स्वतःच्या शेडच्या कोपऱ्यात गेली. तिथेही पिवळी बादली होती. कडेला टांगलेला, टवका उडालेला कॉफीचा मग होता.

तिचं हसू थांबलं.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. वजा वीस अंश. सात नंबरच्या बसचा लाल दिवा आदल्या संध्याकाळी लागला होता, ब्रेकचं तेल कमी. लोवेल खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात. त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता. मुलं थंडीत उभी राहतील म्हणून ती सकाळी घरूनच एका बाटलीत थोडं तेल घेऊन गेली होती. त्याच मगाने काढून. अर्धा मग. दिवा विझला, आणि तिला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

"लोवेल," ती म्हणाली. "सात नंबर."

तो बुटांकडे बघत होता.

"तुला माहीत होतं."

"कुबड्या घेऊन परत आलो त्या आठवड्यात उघडली मी ती. टोपण असंच होतं."

"आणि बसच्या दुरुस्तीच्या वहीत तू लिहिलंस, रबरं जुनी होती म्हणून बदलली. मी स्वतः वाचलंय ते."

"तू आधीच राजीनामा दिला होतास गं. मग म्हटलं आणखी कशाला? मुलांचे आईबाप आहेत, शाळेची कमिटी आहे. तुझं नाव खराब झालं असतं."

"माझं नाव!" आर्लिसचा आवाज शेडच्या पत्र्याला जाऊन लागला. आमच्याकडे माणसं असं ओरडत नाहीत. बाहेर कुत्रा उठून उभा राहिला. "दोन वर्षं मी रात्री उठून या हाताकडे बघतेय. आज बोटं किती थरथरली, काल किती थरथरली होती. मला वाटलं मी संपले. संपले म्हणून घरी बसले. आणि तुला ठाऊक होतं की माझ्या हातांमुळे काही झालेलं नव्हतं, माझं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं, एवढंच! मूर्ख म्हणायचंस की मला! मूर्खपणा चालला असता रे. मूर्खपणातून माणूस शिकतो तरी."

"तू विचारलं नाहीस," लोवेल हळूच म्हणाला.

हे त्याने म्हणायला नको होतं. आर्लिसने त्याचा रिकामा कप उचलून घेतला. "कॉफी संपलीय," ती म्हणाली. शेडमधल्या चुलीवर किटली वाफाळत होती, त्याला समोर दिसत होती. आमच्या मुलखात याहून मोठा अपमान नाही. तो टोपी घालून निघून गेला.

रात्रभर तिला राग पुरला. पहाटे पहाटे रागाखालून दुसरंच काहीतरी वर आलं. अकरा मुलं होती त्या बसमध्ये. हात निर्दोष सुटले, पण गुन्हा घरातच निघाला. तिला वाटलं, लोवेलवर ओरडायला मी मोकळी झाले, पण मी तरी कुणाला काय सांगितलंय?

गुरुवारी लोवेल नव्या नळ्या, नवा तेलाचा डबा, सगळी रबरं घेऊन दारात हजर. तिने दार उघडलं. दोन दिवस दोघांनी काम केलं आणि कामापुरते शब्द सोडून एक अक्षर बोलले नाहीत. जुनं तेल काढलं, नळ्या धुतल्या, चारही चाकांची रबरं बदलली. मग हवा काढायची. ती वर पॅडलवर, तो खाली नटाशी.

"दाब."

दाबलं.

"धर."

धरलं.

"सोड."

तेलातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच. ती जेवायला सॅंडविच ठेवत होती, पण कॉफी दिली नाही. त्यानेही मागितली नाही.

रविवारी सकाळी मार्ला आली, हातात पर्स, चेहऱ्यावर विमा कंपनी. आर्लिसने तिला शेजारी बसवलं आणि चर्चला निघाली, मुद्दाम लांबच्या रस्त्याने, दर चौकाला ब्रेक मारत. बारा मैल झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आई! स्टिअरिंग!"

"कशाला? बघ की कुठे जातेय."

ती सरळ जात होती. सरळ, अगदी सरळ, मक्याच्या दोन भिंतींमधून. मग आर्लिसने तिला सगळं सांगितलं, बादलीसकट.

मार्लाने तोंडातून ब्र काढायचा नाही असं ठरलं होतं, तरी तिने काढलाच. "किल्ली तुझी, आई. चुकलं माझं. पण हे तेलाचं कुणाला बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. खटलासुद्धा होऊ शकतो."

"होऊ दे," आर्लिस म्हणाली.

प्रार्थना झाल्यावर आमच्याकडे सगळे चर्चच्या तळघरात जमतात. लांब टेबलं, वड्या, मोठ्या किटलीतली कॉफी. त्या दिवशी किटलीवर आर्लिसची पाळी होती. ती किटलीपाशी उभी राहिली आणि तिने चमचा कपावर वाजवला. तळघर चूप झालं. इथे चमचा फक्त लग्नात वाजवतात.

"सात नंबरची बस चरात गेली ती माझ्यामुळे," ती म्हणाली. "हातामुळे नाही. मी तिच्या ब्रेकमध्ये ट्रॅक्टरचं तेल ओतलं होतं. तुमची मुलं आत होती. मला हे बुधवारी कळलं. मला क्षमा करा, नाहीतर करू नका, पण तुम्हाला माहीत असलं पाहिजे."

जोलीन स्काडेन, जिच्या मुलीचा दात पडला होता ती, पुढच्याच टेबलाशी बसली होती. तिने वडीचा तुकडा खाली ठेवला.

"आर्लिस," ती ओशाळून म्हणाली, "आम्हाला माहीत आहे गं."

"काय?"

"लोवेलने त्या आठवड्यात सात नंबरची सगळी रबरं मागवली. एकदम सगळी. माझा नवराच स्पेअर पार्टच्या काउंटरवर. एकदम सगळी रबरं कशाने जातात, हे कुणाला ठाऊक नाही? माझ्या सासऱ्यांनी दोन ट्रक घालवलेत तसे."

"आमच्या बाबांनीही," मागून कुणीतरी म्हणालं.

"मीपण एकदा," पाद्रीसाहेब पुटपुटले.

आर्लिसने तळघरभर नजर फिरवली. बसच्या आरशातून बघायची तशी. एकेक मान खाली गेली.

"सगळ्यांना माहीत होतं? मग ती भांडी भरभरून जेवणं कशाला आणलीत?"

"त्याच्यासाठीच तर आणली," जोलीन म्हणाली. "तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मी घरी बसले होते, जोलीन! दोन वर्षं! मला वाटलं तुम्हाला सुटल्यासारखं झालं, म्हणून कुणी थांब म्हणत नाही."

"आणि आम्हाला वाटलं," जोलीनचे डोळे भरून आले, "तुला त्या बसकडे बघवत नाही, म्हणून तू काम सोडलंस."

दोनशे माणसांचं गाव, सगळ्यांनी मिळून एका बाईला सांभाळलं होतं, आणि सांभाळता सांभाळता तिला पार मोडीत काढलं होतं. आर्लिसला हसावं की रडावं कळेना. तिने डाव्या हाताने किटली उचलली. हात थोडा कापत होता, तो कापतोच, त्याला इलाज नाही. कप भरून ती कोपऱ्यात एकट्या बसलेल्या लोवेलपाशी गेली, कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"लोवेल," ती म्हणाली, "आता विचारते. माझी कॉफी कशी असते?"

सगळं तळघर कान देऊन होतं. लोवेलने एक घोट घेतला, कप खाली ठेवला. त्याने तोंड उघडलं, मिटलं. कान लाल झाले होते त्याचे.

"पाणी असतं," तो म्हणाला. "नुसतं पाणी. तीस वर्षं."

आर्लिसने टेबलावर डोकं टेकलं. तिचे खांदे हलायला लागले, मार्ला घाबरून उठली, जवळ आली आणि मग तिला दिसलं की आई हसतेय. रडतेय पण, आणि हसतेय. बऱ्याच वेळाने तिने डोकं वर केलं, हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि लोवेलचा कप स्वतःकडे ओढून एक घोट घेतला.

"खरंच की रे," ती म्हणाली, आणि नवी कॉफी करायला उठली.